किनारा मोजणारी मुलं: ऑस्ट्रेलियातल्या भूगोल-शिक्षणाचा आढावा

सिडनीच्या उत्तरेला कॉलरॉय-नॅराबीनची पुळण साडेतीन किलोमीटर पसरली आहे. तिच्या उत्तर टोकाजवळ आणि जवळच्या मॅनलीला २०१७ साली स्टीलचे छोटे स्टँड बसवण्यात आले. फिरायला आलेल्या कुणीही आपला मोबाइल त्याच्या खाचेत टेकवायचा, एक फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा, एवढंच काम. स्टँड जागचा हलत नाही, म्हणून प्रत्येक फोटोची चौकट तीच राहते. सरकते ती पाण्याची कड. फोटोची वेळ आणि भरती-ओहोटीची पातळी यांचा मेळ घातला की ती कड नकाशावर कुठे होती हे काढता येतं, आणि असे फोटो ओळीने लावले की किनारा कधी पुढे आला, कधी मागे हटला ते दिसू लागतं. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेने राज्य सरकारबरोबर सुरू केलेला हा 'कोस्टस्नॅप' उपक्रम पुढे अनेक देशांत पोहोचला.

याच पुळणीवर अँडी शॉर्ट या भूरूपशास्त्रज्ञाने एप्रिल १९७६ मध्ये दर महिन्याला वाळूची मोजणी सुरू केली होती. जगातल्या सर्वांत दीर्घ किनारा-नोंदींपैकी ती एक मानली जाते. जून २०१६ च्या वादळात कॉलरॉयच्या घरांची अंगणं समुद्राने ओढून नेली आणि एका घराचा पोहण्याचा तलाव अख्खा वाळूवर येऊन पडला, तेव्हा त्या मोजणीचं मोल सर्वसामान्यांनाही कळलं. किनारा, वादळ, घरं, समुद्राला अडवणारी भिंत बांधावी की बांधू नये हा वाद, आणि हे सगळं मोजण्याची साधनं: भूगोलाच्या शिक्षकाला याहून चांगला वर्ग मिळणं कठीण.

पण असा वर्ग किती मुलांच्या वाट्याला येतो? आणि आला तर त्यातून मुलं नेमकं काय शिकतात? भूगोल पडद्यावर शिकवावा की उघड्यावर, आणि दोन्ही करायचं तर कोणत्या प्रमाणात, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात गेली तीस-एक वर्षं चर्चेत आहे. त्या चर्चेत आज कुठवर मजल गेली आहे, ते इथे पाहायचं आहे.

विषय हरवला आणि परत आला

ऑस्ट्रेलियातला विद्यापीठीय भूगोल मुळात चालणाऱ्या माणसाने सुरू केला. स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेत (१९१० ते १९१३) भूशास्त्रज्ञ म्हणून गेलेल्या ग्रिफिथ टेलर यांनी १९२० साली सिडनी विद्यापीठात देशातला पहिला भूगोल विभाग उभा केला. खंडाचा मध्यभाग कोरडा आहे, तिथे कोट्यवधी माणसं राहू शकणार नाहीत, आणि शतकाच्या अखेरीस देशाची लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास असेल, असं ते पावसाच्या नकाशावर बोट ठेवून सांगत. 'अमर्याद ऑस्ट्रेलिया'ची स्वप्नं पाहणाऱ्यांना हे रुचलं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यांच्या पाठ्यपुस्तकावर बंदी आली आणि १९२८ मध्ये ते शिकागोला निघून गेले. २००० साली देशाची लोकसंख्या दोन कोटींच्या किंचित खाली होती. नकाशा नीट वाचता येणं ही केवळ शाळेपुरती गोष्ट नाही, हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण त्या देशाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

शाळांमध्ये मात्र विषयाची वाट वाकडी झाली. शालेय शिक्षणाविषयीच्या १९८९ च्या होबार्ट घोषणेनंतर राज्यांनी मिळून अभ्यासाची आठ क्षेत्रं ठरवली आणि भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र हे सगळं 'समाज आणि पर्यावरण अभ्यास' या एकाच टोपलीत गेलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून शिक्षक त्याला 'सोस' म्हणत. समर्थकांचं म्हणणं असं की मुलांना प्रश्न विषयांच्या कप्प्यांत पडत नाहीत. दुष्काळ समजून घ्यायचा तर पाऊस, बाजारभाव आणि सरकारी धोरण एकत्रच पाहावं लागतं. विरोधकांची तक्रार अशी की या टोपलीत भूगोलाची स्वतःची साधनं, म्हणजे नकाशा, प्रमाण, क्षेत्रभेट, तळाशी गेली. न्यू साउथ वेल्सने मात्र भूगोल वेगळाच ठेवला, आणि तिथे क्षेत्रभेट ऐच्छिक नव्हे, सक्तीची राहिली. अकरावी-बारावीच्या जुन्या अभ्यासक्रमात दोन्ही वर्षी प्रत्येकी १२ तासांची क्षेत्रभेट बंधनकारक होती.

२००८ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमासाठी 'अकारा' ही संस्था कायद्याने स्थापन झाली आणि भूगोल शिक्षकांच्या संघटनांनी जोर लावला. २०११ साली भूगोलाच्या अभ्यासक्रमाचा आराखडा आला, २०१३ मध्ये अभ्यासक्रम. त्याचे प्रमुख लेखक फ्लिंडर्स विद्यापीठाचे अलॅरिक मॉड. ठिकाण, अवकाश, पर्यावरण, परस्परसंबंध, शाश्वतता, प्रमाण आणि बदल या सात संकल्पनांवर त्याची उभारणी झाली. सातवीत 'जगातलं पाणी' आणि 'राहण्याजोगी ठिकाणं', आठवीत भूरूपं, नववीत जैवप्रदेश आणि अन्नसुरक्षा, दहावीत पर्यावरणीय बदल. क्षेत्रभेट आणि नकाशाची डिजिटल साधनं या दोहोंना कौशल्यांच्या भागात लेखी स्थान मिळालं. २०१५ नंतर प्राथमिक वर्गांत भूगोल पुन्हा सामाजिक शास्त्रांच्या एकत्रित विषयात गेला. २०२२ च्या नवव्या आवृत्तीत आशय हलका करण्यात आला, पण गाभा तोच राहिला.

कागदावर, थोडक्यात, वाद मिटलेला आहे: दोन्ही करा. खरी चर्चा त्या 'दोन्ही'पाशी सुरू होते.

पडद्याची बाजू

रोज बोटाखाली येणाऱ्या गूगल मॅप्सचा एक धागा सिडनीत सापडतो. लार्स आणि येन्स रासमुसेन हे भाऊ, नोएल गॉर्डन आणि स्टीफन मा यांची 'व्हेअर टू टेक्नॉलॉजीज' ही छोटी कंपनी गूगलने २००४ मध्ये घेतली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स सुरू झालं. त्याआधी शाळेत जीआयएस, म्हणजे नकाशावर माहितीचे थर रचणारी संगणकप्रणाली, असणं म्हणजे महागडं सॉफ्टवेअर, संगणकाची वेगळी खोली आणि ते चालवू शकणारा एखादाच हौशी शिक्षक. जोसेफ कर्स्की यांनी २००३ मध्ये अमेरिकेची स्थिती मांडली होती: दोन टक्क्यांहून कमी माध्यमिक शाळांत जीआयएस, आणि ज्यांनी विकत घेतलं त्यांतल्याही अनेकांनी ते एका धड्यापलीकडे वापरलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या शिक्षकांचा त्या काळचा अनुभव फार वेगळा नव्हता.

आता खर्चाचा अडसर बराचसा गेला आहे. 'नॅशनल मॅप' हे सरकारी संकेतस्थळ २०१४ पासून खुलं आहे. पाणी, वस्ती, वाहतूक, खनिजं अशा सरकारी नोंदींचे थर एकमेकांवर ठेवून पाहता येतात. 'ॲटलास ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया'वर कोणता प्राणी कुठे दिसला याच्या नोंदी आहेत. जिओसायन्स ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर उपग्रहांनी टिपलेल्या वणव्यांच्या जागा दिसतात. २०१९-२० च्या उन्हाळ्यात न्यू साउथ वेल्समधली घरंच्या घरं 'फायर्स निअर मी' हे ॲप उघडून बसली होती; आग किती दूर आहे, वारा कुठून आहे, रस्ता कोणता मोकळा आहे, हा जीआयएसचा धडा त्या घरांतल्या मुलांनी परीक्षेसाठी शिकलेला नव्हता.

डिजिटल साधनांच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा अंतराचा आहे. एकटं पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्य महाराष्ट्राच्या आठपट मोठं. ॲलिस स्प्रिंग्जची 'स्कूल ऑफ दि एअर' १९५१ पासून रेडिओवर भरायची, आता उपग्रहाच्या इंटरनेटवर भरते, आणि तिचे विद्यार्थी सुमारे १३ लाख चौरस किलोमीटरमध्ये विखुरलेले असतात. गुरांच्या मळ्यावर वाढणाऱ्या मुलाला जमीन, पाणी, अंतर यांचं भान शिकवावं लागत नाही. पण त्याला मेलबर्नचं उपनगर किंवा ग्रेट बॅरियर रीफ पाहायची तर पडदाच हवा. शहरातल्या मुलाची गोष्ट नेमकी उलट.

दुसरा मुद्दा खऱ्या आकड्यांचा. ऑस्ट्रेलियाचं भूपट्ट दरवर्षी सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतं. १९९४ च्या मापनावर आधारलेले अक्षांश-रेखांश २०२० पर्यंत प्रत्यक्ष जागेपासून सुमारे १.८ मीटर चुकीचे ठरले आणि देशाला नवी मापनचौकट स्वीकारावी लागली. 'खंड सरकतात' हे वाक्य पाठ करणं आणि आपल्याच शाळेच्या फाटकाचे जुने-नवे आकडे समोर ठेवून वजाबाकी करणं, यांत शिकण्याचा फार मोठा फरक आहे. या मुद्द्याला विरोध करणारं सहसा कुणी भेटत नाही.

शंका घेणारे वेगळ्या जागी बोट ठेवतात. पहिली शंका अशी की मुलं भूगोल शिकतात की बटणं? 'इथे क्लिक करा, मग हा थर लावा' अशा पायऱ्यांनी भरलेल्या तासिकेत सुंदर नकाशा तयार होतो, पण तो काय सांगतो यावर बोलायला वेळ उरत नाही. दुसरी शंका साधनांच्या आयुष्याची. शिक्षकांनी वर्षानुवर्षं धडे बेतलेलं 'टूर बिल्डर' आणि आभासी सहलींचं 'एक्स्पिडिशन्स' ही गूगलची दोन्ही साधनं २०२१ मध्ये बंद झाली. पुस्तक जुनं होतं, पण रातोरात कपाटातून नाहीसं होत नाही.

आणि तिसरी अडचण सरकारनेच निर्माण केली आहे, तीही चांगल्या हेतूने. व्हिक्टोरिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये, न्यू साउथ वेल्सने २०२३ च्या चौथ्या सत्रापासून आणि क्वीन्सलँडने २०२४ पासून सरकारी शाळांत मोबाइलवर बंदी आणली. शिक्षक शैक्षणिक कामासाठी सवलत देऊ शकतात. तरीही क्षेत्रभेटीत प्रत्येकाच्या खिशात असलेलं साधन, म्हणजे स्थान टिपणारा, फोटो काढणारा, बेडकांचा आवाज नोंदवणारा मोबाइल, आता परवानगीचा विषय झाला आहे. बेडकांचा उल्लेख उगीच नाही. ऑस्ट्रेलियन म्युझियमचं 'फ्रॉगआयडी' हे ॲप २०१७ पासून चालतं: ओढ्याकाठी उभं राहायचं, आवाज टिपायचा, ॲप जागा आणि वेळ जोडतं, आणि म्युझियममधले तज्ज्ञ जात ओळखून कळवतात. इतक्या सोप्या रीतीने मुलाच्या हातून खरी वैज्ञानिक नोंद क्वचितच होते.

उघड्यावरची बाजू

क्षेत्रभेटीची परंपरा तिथे जुनी आणि ठसठशीत आहे. जिलाँग ग्रामर शाळेने १९५३ मध्ये डोंगरात 'टिंबरटॉप' हा परिसर सुरू केला, जिथे विद्यार्थी नववीचं अख्खं वर्ष काढतात. ती श्रीमंतांची शाळा. सरकारी बाजूला न्यू साउथ वेल्समध्ये पर्यावरण शिक्षण केंद्रांचं जाळं आहे. सिडनीतल्या ईस्ट राइडचं 'फील्ड ऑफ मार्स' किंवा दक्षिण किनाऱ्यावरचं 'बोर्नडा' अशा केंद्रांत शाळा एका दिवसासाठी मुलं घेऊन येतात आणि तिथले शिक्षक मातीचं, पाण्याचं, झाडोऱ्याचं मापन करून घेतात. मेलबर्नच्या वेस्टगार्थ बालवाडीने २०११ मध्ये 'बुश किंडर' सुरू केलं: चार वर्षांची मुलं ठरलेल्या दिवशी डेअरबिन पार्कलँड्समध्ये, खेळण्यांशिवाय, पावसातसुद्धा. व्हिक्टोरियाच्या बारावीत क्षेत्रभेटीचा अहवाल हा मूल्यमापनाचाच भाग आहे.

क्षेत्रभेटीच्या बाजूचा पुरावा काय म्हणतो? सर्वाधिक उल्लेख होतो तो मार्क रिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये केलेल्या आढाव्याचा. रिकिन्सन पुढे मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात आले. १९९३ ते २००३ या काळातले दीडशे अभ्यास तपासून त्यांनी सांगितलं की नीट आखलेली, आधी तयारी आणि नंतर वर्गात पाठपुरावा असलेली क्षेत्रभेट वर्गात न मिळणारं काहीतरी देते. या निष्कर्षातल्या अटी महत्त्वाच्या आहेत. नुसती बस काढली, डबे खाल्ले, कडेला उभं राहून फोटो काढले, याने फरक पडतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

अटी पाळून काय साधतं, हे स्ट्रॅथेवन या मेलबर्नच्या ईशान्येकडच्या छोट्या गावात दिसतं. ७ फेब्रुवारी २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे'च्या वणव्यांत व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली. त्यांतली २७ स्ट्रॅथेवनची. गावाची शाळाही जळाली. काही वर्षांनी शाळेने आर्थर्स क्रीक-स्ट्रॅथेवनच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाबरोबर वरच्या वर्गांसाठी अभ्यासक्रम उभा केला. मुलं तापमान, आर्द्रता, वारा मोजतात, गवत किती वाळलं आहे ते पाहतात, उतारावर आग वेगाने का चढते हे समजून घेतात, त्या दिवसाचा धोका किती ते स्वतः ठरवतात, आणि शिकलेलं गावाला सांगतात: मातीच्या बाहुल्यांच्या फिल्म बनवून, पुस्तकं लिहून. ज्या मुलांच्या घरी आगीचा विषय निघाला की मोठी माणसं गप्प होत, ती मुलं आगीबद्दल अचूक शब्दांत बोलू लागली. क्षेत्रभेटीच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद कुठल्याही संशोधन-पत्रिकेपेक्षा या गावात आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. बसचं भाडं, धोक्याचं लेखी मूल्यांकन, पालकांची संमती, बाहेर गेलेल्या शिक्षकाच्या जागी बदली शिक्षक, इतर विषयांच्या बुडालेल्या तासिका. आणि हल्ली वणव्याचा धूर व उष्णतेची लाट. खर्च पालकांवर पडला की गरीब वस्तीतल्या शाळा आधी मागे राहतात. म्हणूनच अनेक शिक्षक आता लांबच्या सहलीऐवजी शाळेच्या कुंपणाबाहेरच्या पदपथाकडे वळले आहेत: सावली किती, नाला कुठे तुंबतो, दुकानं कुठली बंद पडली. ऑगस्ट २०२० मध्ये मेलबर्नमध्ये घरापासून ५ किलोमीटरपलीकडे जायला बंदी आली, तेव्हा लाखो घरांनी नकाशावर आपलं वर्तुळ आखलं. आपला ओढा, आपलं मैदान, आजीचं घर त्यात येतं की नाही हे मुलांनी पाहिलं. जवळचा भूगोल किती दाट असतो, हे त्या वर्षाने अनेक शिक्षकांना पटवलं.

मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं

या वादात तिसरा पक्ष आहे आणि तो भूगोलाच्या बाहेरून आला. वस्तू, अंतरं, दिशा आणि त्यांचे संबंध मनात मांडून, फिरवून पाहण्याच्या ताकदीला अवकाशीय विचारक्षमता म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये ती शाळेत जाणीवपूर्वक शिकवायला हवी असा अहवाल दिला. २०१३ मध्ये डेव्हिड उटाल आणि सहकाऱ्यांनी २१७ अभ्यास एकत्र करून दाखवलं की ही क्षमता जन्मजात ठरून येत नाही, सरावाने वाढते आणि वाढ टिकते. ऑस्ट्रेलियात हे काम पुढे नेलं कॅनबेरा विद्यापीठाच्या टॉम लाउरी यांच्या गटाने. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सहावीच्या मुलांना त्यांच्याच शिक्षकांनी दहा आठवडे असा सराव दिला. मुलांची अवकाशीय क्षमता तर वाढलीच, गणितातली कामगिरीही सुधारली. बालवाडीसाठी केलेल्या त्यांच्या 'एल्सा' ॲपमध्ये पडद्यावरच्या खेळाला आधी आणि नंतर पडद्याबाहेरच्या कृतीची जोड आहे.

भूगोलवाले याने खूश व्हायला हवेत, पण त्यांच्यातही दोन मतं आहेत. मॉड यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की भूगोल म्हणजे कौशल्यांची पिशवी नव्हे. मुलाला रोजच्या अनुभवातून न मिळणारं, जगाचा अर्थ लावू देणारं ज्ञान तो देतो, आणि सात संकल्पना त्यासाठी आहेत. दुसरीकडे, गणित-विज्ञानाच्या शिडीवर चढून विषयाला वेळ आणि पैसा मिळत असेल तर का नाही, असं म्हणणारेही आहेत. पहिल्या मताचं पारडं इथे जड वाटतं, कारण आकृती मनात फिरवता येणारं मूल कॉलरॉयच्या भिंतीचा फायदा कुणाला आणि तोटा कुणाला हे आपोआप सांगू शकत नाही.

शिवाय टेबलावरच्या कोड्यात हुशार असणं आणि अनोळखी गावात वाट सापडणं या दोन क्षमता पूर्णपणे एक नाहीत, असं मेरी हेगार्टी यांच्या २००६ च्या अभ्यासात दिसलं. आणि लुईझा दाहमानी व व्हेरोनिक बोबो यांनी २०२० मध्ये मांडलं की जीपीएसच्या भरवशावर सतत गाडी चालवणाऱ्यांची, जीपीएस काढून घेतल्यावर वाट लक्षात ठेवण्याची ताकद कमी भरते. हा अभ्यास प्रौढांवरचा आहे. नकाशाचं ॲप लहानपणापासून हाती असलेल्या मुलांचं काय होतं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

ज्यांचा भूगोल आधीपासून होता

खंडाचे मूळ रहिवासी हजारो वर्षं या भूमीवर वाट काढत आले, आणि त्यांचं ज्ञान आता राष्ट्रीय अभ्यासक्रमात सर्व विषयांना छेदून जाणारा प्राधान्यविषय आहे. केप यॉर्कवरच्या पोर्मपुराव वस्तीत लेरा बोरोडिट्स्की आणि ॲलिस गॅबी यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. माणूस म्हातारा होत जाण्याची चित्रं क्रमाने लावायला सांगितली, तर कुक थायोरे भाषकांनी ती पूर्वेकडून पश्चिमेकडे लावली. दक्षिणेकडे तोंड असेल तर क्रम डावीकडून उजवीकडे, उत्तरेकडे तोंड केलं तर उजवीकडून डावीकडे, पूर्वेकडे तोंड असेल तर चित्रं अंगाकडे येत जातात. दिशा कोणती, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी १९९७ मध्ये आठ बाय दहा मीटरचा एक कॅनव्हास रंगवला, आपल्या पाणवठ्यांचा आणि पूर्वजांच्या वाटांचा. जमिनीच्या हक्काच्या दाव्यात तो पुरावा म्हणून मांडला गेला. माणसं कॅनव्हासवरच्या आपापल्या पाणवठ्यावर उभी राहून बोलली. २००७ मध्ये हक्क मान्य झाला. 'न्गुर्रारा' नावाने ओळखला जाणारा हा कॅनव्हास नकाशा आहे की चित्र, हा प्रश्न वर्गात विचारला की प्रमाण, उत्तर दिशा आणि सूची यांच्यापलीकडे नकाशाची कल्पना जाते.

इथेही मतभेद आहेत, आणि ते सहज सुटणारे नाहीत. एक बाजू म्हणते, हे ज्ञान सर्व मुलांपर्यंत पोहोचायला हवं, डिजिटल नकाशांवर यायला हवं. दुसरी बाजू, ज्यात अनेक आदिवासी जाणकार आहेत, म्हणते की काही जागा ठरावीक माणसांनीच जाणायच्या असतात. त्यांचा बिंदू खुल्या नकाशावर ठेवणं हीच हानी. २०१७ मध्ये स्थापन झालेला 'मैयाम नायरी विंगारा' हा गट माहितीवरच्या मालकीचा हाच प्रश्न मांडतो. उलुरू या मूळ रहिवाशांना पवित्र असलेल्या विशाल खडकावर चढायला २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे. पिढ्यान्पिढ्या शाळांच्या सहली तिथे जाऊन चढत असत, आता पायथ्याच्या वाटेने तिथल्या अनंगू लोकांमधल्या वाटाड्यांबरोबर फिरतात. क्षेत्रभेटीचा अर्थ बदलण्याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही.

मराठी वाचकाच्या नजरेतून

सिडनी-मेलबर्नला गेलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना हा विषय वेगळ्याच वाटेने भेटतो. मेलबर्नमध्ये दुपारचा सूर्य बारा महिने उत्तरेकडे असतो, सावली दक्षिणेला पडते आणि तिच्याकडे तोंड करून पाहिलं तर दिवसभरात डावीकडे सरकत जाते. दिवाळी वसंतात येते. ध्रुवतारा क्षितिजाखाली कायमचा दडलेला, त्यामुळे दक्षिण शोधायची ती त्रिशंकू आणि मित्र-मित्रकच्या जोडीवरून. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातूनही दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू दिसतो. पुण्यातल्या चुलत भावाने आणि मेलबर्नमधल्या बहिणीने एकाच दिवशी अंगणात काठी रोवून सावल्यांची टोकं खुणावली आणि फोटो एकमेकांना पाठवले, तर पडदा आणि अंगण या दोहोंचा इतका स्वस्त आणि नेमका संगम दुसरा सापडणार नाही.

महाराष्ट्रातही चौकट तयार आहे. २०१८ च्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट', नळदुर्गहून अलिबागला निघालेल्या मुलांच्या प्रवासाचा. घाट, माती, पिकं, किनारा असं सगळं वाटेत भेटत जातं. इस्रोचं 'भुवन' २००९ पासून खुलं आहे, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरचे निर्बंध सैल केले. त्याआधी सीमेजवळचे आणि किनारपट्टीचे स्थलनिर्देशक नकाशे शाळेला सहजी मिळत नसत. पाठ वाचून प्रश्नोत्तरं लिहिता येतात, ही सोय मात्र त्या पाठाच्या मुळावर येऊ शकते. व्हिक्टोरियाप्रमाणे क्षेत्रभेटीच्या अहवालाला मूल्यमापनात गुण दिले, तर या सोयीला आळा बसू शकतो.

काय अजून ठरलेलं नाही

पहिली गोष्ट मोजमापाची. ऑस्ट्रेलियात २००८ पासून होणाऱ्या 'नॅपलान' या राष्ट्रीय चाचणीत भाषा आणि गणित आहे, भूगोल नाही. विज्ञान, नागरिकशास्त्र आणि संगणक-साक्षरतेच्या नमुना चाचण्या होतात. त्यांतही भूगोल नाही. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीतही नाही. त्यामुळे २०१३ नंतर मुलांचं भूगोलाचं ज्ञान वाढलं की घटलं, हे आकड्यांनी सांगता येत नाही. १९९५ पासून चालणाऱ्या ऑस्ट्रेलियन जिऑग्राफी कॉम्पिटिशनमध्ये हजारो मुलं बसतात, पण ती हौसेने बसणारी. साधनांची तुलना करणारे अभ्यासही बहुधा एखाददुसऱ्या शाळेचे, काही आठवड्यांचे. पडदा आणि क्षेत्रभेट यांची एकाच विषयावर, लांब मुदतीची, रोखठोक तुलना दुर्मीळ आहे.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. ऑस्ट्रेलियन कौन्सिल फॉर एज्युकेशनल रिसर्चने २०१६ मध्ये पाहिलं तेव्हा ज्या विषयांना त्या विषयाचं शिक्षण न घेतलेले शिक्षक सर्वाधिक लागतात, त्यांत भूगोल वरच्या जागी होता. शारीरिक शिक्षणाच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकाला सातवीचा भूगोल दिला, तर तो पुस्तकाला धरून राहणार. ओढ्यात उतरवण्याचा किंवा थरांशी खेळण्याचा आत्मविश्वास त्याला कुठून येणार? विज्ञान अकादमीने २०१८ मध्ये भूगोलासाठी दशकाचा आराखडा काढला, त्यातही शाळांतल्या या उणिवेची नोंद आहे. कोणतं साधन चांगलं या चर्चेत जेवढी शाई खर्च झाली, त्याच्या निम्मीही या प्रश्नावर झालेली नाही, आणि आढाव्यातली सर्वांत खटकणारी बाब हीच आहे.

तिसरी गोष्ट परीक्षेची, आणि ती आता अधिकच अवघड होत आहे. आंतरराष्ट्रीय भूगोल ऑलिंपियाडमध्ये, जे २००६ साली ब्रिस्बेनला भरलं होतं, लेखी परीक्षेला ४० टक्के, क्षेत्रकार्याला ४० टक्के आणि पडद्यावरच्या चाचणीला २० टक्के गुण असतात. व्हिक्टोरियाच्या बारावीत वर्षअखेरची लेखी परीक्षा निम्म्या गुणांची, आणि क्षेत्रभेटीचा अहवाल शाळेच्या पातळीवरच्या उरलेल्या गुणांतला एक भाग. २०२३ च्या अखेरीस देशाने शाळांतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी राष्ट्रीय चौकट जाहीर केली. अहवालाची भाषा आता यंत्र लिहून देऊ शकतं, नकाशाही काढून देऊ शकतं. नदीकाठी घेतलेलं माप, चिखलाचे डाग पडलेली वही, जागेवर काढलेलं कच्चं रेखाटन यांना किती गुण द्यायचे, ते तपासायचं कुणी, आणि शंभर मुलांच्या वह्या तपासायला शिक्षकाला वेळ द्यायचा कोणत्या तासिकेतून, याचं उत्तर प्रत्येक राज्य सध्या आपापल्या परीने शोधत आहे.